हनोरा क्विलच्या चौदा पायऱ्या

शिकागो शहराला स्वतःची पाठ थोपटून घ्यायची भारी हौस आहे. दर चार-दोन वर्षांनी कसला तरी सोहळा काढायचा, बँड लावायचा, आणि उंच टोप्यांतल्या चार म्हाताऱ्यांनी मांडवात चढून सांगायचं की काल इथे दलदल होती आणि आज बघा. एवढं धान्य कोठारांत आहे, एवढ्या आगगाड्या रोज सुटतात, एवढी डुकरं कापली, एवढी माणसं वाढली. डुकरं आणि माणसं एकाच दमात मोजतात, तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात आहे. शेवटी छाती फुगवून म्हणायचं, "आम्ही हे शहर चिखलातून वर उचललं." त्या 'आम्ही'तल्या एकाच्याही तळहाताला कधी घट्टा पडलेला कोणी पाहिलेला नाही.

ज्याच्या तळहातांना पडले होते तो डार्बी क्विल. नदीच्या दक्षिण फाट्याला लागून, कत्तलखान्यांच्या वासात, आमची आयरिश लोकांची वस्ती आहे, तिथे तो राहायचा. आयर्लंडात बटाटा सडून दुष्काळ पडला तेव्हा एकोणिसाव्या वर्षी तिथल्या क्लेअर परगण्याहून आला आणि आल्या आल्या कालवा खणायला लागला. कालव्यामुळे शहराचं नशीब उघडलं. ज्यांनी तो खणला ते त्याच्याच काठच्या चिखलात फळ्यांची घरं ठोकून राहिले. डार्बीनेही ठोकलं, आणि एका खानावळीत चादरी धुणाऱ्या हनोराशी लग्न केलं. हनोरा बांध्याने ठेंगणी होती, पण तिच्या जिभेला सगळी गल्ली वचकून असायची.

जागा म्हणाल तर शहाण्या माणसाने तिथे कोंबड्यांचं खुराडं घातलं नसतं. पूर्वेला सरोवर आणि त्याच्या पाण्याला टेकलेली सपाट जमीन. गटार खणलं तर पाणी जाणार कुठे? उभंच राहायचं. हिवाळा सरला की रस्त्यात घोडे पोटापर्यंत रुतायचे आणि घरांखाली घाण साचायची. अठराशे चोपन्न सालच्या पटकीत डार्बी-हनोराची दोन वर्षांची एलन गेली. तेव्हापासून जमिनीखालच्या पाण्याशी डार्बीचं हाडवैर होतं.

मग शहरातल्या हुशार डोक्यांनी तोड काढली. गटाराचे नळ जमिनीत खणून घालायचे नाहीत; जमिनीवरच ठेवायचे आणि त्यांच्यावर भर घालून रस्ताच उंच करायचा. घरं राहिली खड्ड्यात, तर ज्याचं घर त्याने उचलावं. पैसेवाल्यांनी उचलून घेतली. त्यांची पाच-पाच मजली विटांची धुडं उचलायला कंत्राटदार हायरम ट्रॅस्क होता, आणि ट्रॅस्कच्या टोळीत डार्बी होता.

काम असं. इमारतीच्या पायाखाली शेकडो जॅक, म्हणजे दांड्याने फिरवले की वर चढणारे लोखंडी स्क्रू, लावायचे आणि एकेका माणसाकडे दहा-दहा सोपवायचे. शिट्टी वाजली की प्रत्येकाने आपल्या प्रत्येक जॅकला पाव फेरा द्यायचा आणि थांबायचं. पुन्हा शिट्टी, पुन्हा पाव फेरा. एकाने जरी आगाऊपणा केला तरी भिंतीला तडा गेलाच. दोन वर्षांत ती शिट्टी डार्बीच्या गळ्यात आली. रविवारी चर्चमध्ये मिस्सेलासुद्धा तो ती काढत नसे.

लेक स्ट्रीटवरचं मोठं हॉटेल उचललं तेव्हा वर गिऱ्हाइकं निवांत अंडी फोडत होती, बायका चहा पीत होत्या, आणि खाली तळघरात गुडघाभर पाण्यात शेकडो आयरिश आणि जर्मन लोक वाकून उभे होते. पेल्यातला चहा सांडला नाही म्हणून वर्तमानपत्रांनी ट्रॅस्कचं कौतुक केलं. डार्बीने अशा सतरा इमारती उचलल्या. एकाहत्तरच्या आगीत त्या सतराच्या सतरा दोन दिवसांत जळाल्या आणि शहराने त्यांचा ढिगारा सरोवरात लोटून तिथेही जागा काढून विकली. पण ते पुढचं. तेव्हा मात्र डार्बीचे पाय जमिनीवर नसत.

"आज आपण हॉटेल अडीच इंच वर नेलं," जेवताना बटाटा सोलता सोलता तो सांगायचा.

"आपण म्हणजे कोण?" हनोरा विचारायची.

"आपण म्हणजे आपण. शहर."

"मग तुझ्या त्या शहराला सांग, पलंगाखाली बेडूक आहे. त्यालाही अडीच इंच वर ने म्हणावं."

चौसष्ट साली आमच्या गल्लीचाही नंबर लागल्याची बातमी आली. नगरपालिकेचा मोजणीदार आला, डार्बीच्या दारासमोर रस्त्याच्या कडेला त्याने एक जाडजूड खांब रोवला आणि साडेसहा फुटांवर तांबडी खूण मारली. रस्ता इथवर येणार, असं सांगून तो निघून गेला. गल्लीतलं कोणी ढिम्म हललं नाही. समोरचा डुक्करवाला ओवेन टूमी तर त्या खांबाला डुकरीण बांधायला लागला.

पण डार्बी पडला जॅकवाला. त्याच्या धंद्यात खूण म्हणजे वेदवाक्य. आधी खूण, मग इमारत खुणेपर्यंत, आणि महिन्याभरात मागून रस्ता. तिकडे श्रीमंतांच्या पेठेत हा क्रम कधी चुकला नव्हता. आमची गल्ली म्हणजे ती पेठ नव्हे, एवढं साधं त्या बाबाच्या टाळक्यात शिरलं नाही.

ट्रॅस्कचे चाळीस जॅक मागून आणले, टोळीतल्या मित्रांना बिअरचं पिंप कबूल केलं आणि एका रविवारी घर उचललं. हनोराला त्याने गल्लीत उभं केलं होतं.

"हॉटेलातल्या बायांना आत चहा पाजत उचलतोस, आणि मला चिखलात उभी करतोस होय?" ती म्हणाली.

"अगं, आपलं घर काय हॉटेलासारखं भक्कम आहे? फळ्या निसटल्या तर?"

"मग तसं सांग ना, की घर तू बांधलंयस म्हणून."

संध्याकाळपर्यंत घर लाकडी खांबांवर साडेसहा फूट उंच उभं राहिलं. दाराला चौदा पायऱ्यांचा जिना लागला. खोटं कशाला बोला, पहिला उन्हाळा हनोरा खूश होती. जमीन कोरडी, पिठाला वास नाही, खिडकीतून वारा. टूमी खालून ओरडायचा, "काय क्विलसाहेब, कबुतरखान्यातून सरोवर दिसतं का?" आणि हनोरा वरून ओरडायची, "सगळं दिसतं. तुझं टक्कलसुद्धा!"

रस्ता काही आला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात बर्फाने गुळगुळीत झालेल्या जिन्यावरून हनोरा नवव्या पायरीपासून खाली आली. खुब्याचं हाड मोडलं. वसंतात ती काठी घेऊन उठली, सपाट जमिनीवर चालायला लागली, पण पायरी म्हणून चढता-उतरता येईना. एका पायरीला पाव तास लागे आणि डोळ्यांत पाणी येई. चौदा पायऱ्यांचा विषयच संपला. ईस्टरच्या दिवशी डार्बीने तिला पाठुंगळी घेऊन खाली उतरवलं, तर टूमी बोललाच, "डार्बी, ओटचं पोतं कुठे घेऊन चाललास?" सगळी गल्ली हसली. मिस्सेहून परतल्यावर हनोराने सांगून टाकलं, "आता पाठीवर नाही. जाईन तर माझ्या दारातून, माझ्या पायांनी. नाही तर इथेच बसेन."

आणि बसली. फादर लेनिहान महिन्यातून एकदा धापा टाकत वर यायचे, तेवढंच तिचं चर्च.

दर वसंतात डार्बी आमच्या नगरसेवकाकडे, मार्टी गेगनकडे, जायचा. हा मार्टी डार्बीच्याच बोटीतून आलेला, कालव्यावर त्याच्याच शेजारी फावडं मारलेला. आता त्याचं दारूचं दुकान होतं आणि त्याला साहेब म्हणावं लागायचं.

"साहेब, आमचा रस्ता?"

"येत्या वसंतात, डार्बी. पक्कं."

"वसंत आलाय, साहेब."

"हा नव्हे रे, येता!"

अशी चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत शहरात लाखभर माणसं वाढली, पाणी आणायला सरोवराच्या तळाखालून दोन मैल बोगदा खणला, आणि आता नदीच उलटी वाहवू अशा गप्पा मारायला लागले. नदी उलटी वाहवणाऱ्यांना एका गल्लीत साडेसहा फूट माती टाकायला सवड नव्हती.

एकदा हनोरा सरळच म्हणाली, "डार्बी, घर खाली आण."

डार्बीचा चेहरा असा झाला, की जणू तिने चर्चचा घुमट पाडायला सांगितलंय. "खाली? नोरा, या गावात आजवर कोणी घर खाली आणलेलं नाही."

"मग तू आण. तुला पहिला नंबर लावायची हौस आहेच."

"लोक काय म्हणतील? जॅकवाल्याने स्वतःचं घर उतरवलं? रस्ता येणार आहे गं, खूण आहे ना!"

"खुणेवरून चालत जाऊ का मी?"

तो ऐकेना. सगळा हिवाळा तो हट्ट धरून बसला. हा हट्ट काही शहराने त्याच्याकडे मागितला नव्हता. शहराला डार्बी क्विल नावाचा कोणी आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. पण गड्याला वाटायचं, आपण एक घर उतरवलं तर उचललेल्या सतरा इमारतींची आब्रू जाईल. अशी खुळी माणसं मिळतात म्हणूनच असली शहरं वाढतात.

एकोणसत्तरच्या एप्रिलमध्ये समोरची कॅथरीन गेली. ओवेन टूमीची बायको, खानावळीत हनोराच्या शेजारच्या टबावर चादरी धुतलेली, एलनला शेवटची आंघोळ घालणारी. आमच्यात मयताशेजारी जागायला गेला नाही तो शेजारी नव्हे. वैरीसुद्धा येऊन पाइप ओढून जातात. दुपारपासून सगळी वस्ती त्या घरात जात होती. हनोरा प्रार्थनेसाठी खिडकीत गुडघे टेकायचा प्रयत्न करत होती आणि तेही तिला जमत नव्हतं.

डार्बी तिकडून परत आला तेव्हा ती खिडकीतच होती.

"कुठला झगा घातलाय तिला?" तिने विचारलं.

डार्बीला आठवेना. "काळा असेल," तो म्हणाला.

"असेल? तिचा निळा होता, लग्नातला. मी शिवला होता." मग तिने समोरच्या दाराकडे बोट केलं. "वीस पावलं आहेत, डार्बी. इथून मोजली मी. तू परक्यांची हॉटेलं उचललीस आणि मला वीस पावलं जाता आलं नाही."

डार्बी तसाच मागे फिरला आणि ट्रॅस्कच्या गोदामाच्या राखणदाराला भेटायला गेला.

जूनमधल्या एका रविवारी, मिस्सा संपल्यावर, टोळी जमली. मालकाला कोणी काही विचारलं नव्हतं. चाळीस जॅक आले, आणि तमाशा बघायला आख्खी वस्ती आली. या वेळी हनोरा बाहेर उभी राहायला तयार नव्हती. दार सताड उघडं टाकून ती खुर्चीत बसली आणि तिने चहा ओतून घेतला.

"हं, उतरवा," ती म्हणाली. "मी हॉटेलातली बाई आहे."

माणसं कमी पडत होती. तेव्हा ओवेन टूमी गर्दीतून पुढे आला आणि चार जॅकांपाशी जाऊन बसला. ओटच्या पोत्याची आठवण कोणी काढली नाही.

डार्बीने शिट्टी मारली. झालं काय, की अकरा वर्षांची हातांना लागलेली सवय. निम्म्या लोकांनी जॅक नेहमीसारखे वर फिरवले. घराने कण्हल्यासारखा आवाज काढला.

"उलटे! अरे गाढवांनो, उलटे!" डार्बी किंचाळला. "आयुष्यात एकदा तरी उलटे फिरवा!"

"डार्बी," आतून हनोरा म्हणाली, "माझा चहा बशीत आलाय. ट्रॅस्कसाहेबांना कळवू का?"

सगळे असे हसले की पाच मिनिटं कोणाला जॅक धरवेना. पण नंतर मात्र एक थेंब सांडला नाही. शिट्टी, पाव फेरा, शिट्टी, पाव फेरा, असं करत संध्याकाळी घर जमिनीला टेकलं. हनोराने पेला ठेवला, काठी घेतली, उंबऱ्यावरून पाऊल टाकलं आणि वीस पावलं मोजत कॅथरीनच्या घरी गेली. दोन महिने उशिरा का होईना, ती तिथे रडून आली. त्यानंतर सात रविवार ती आपल्या पायांनी चर्चला गेली आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून साडेतीन वर्षांचं बोलणं बोलून घेतलं.

हे सुख शहराला बघवणार थोडंच! जुलैअखेर कुठल्याशा वर्तमानपत्राने चार ओळींची टवाळी छापली: सगळं शिकागो वर चाललं असताना आयरिश वॉर्डातलं एक घर खाली गेलं. ट्रॅस्कने ते वाचलं आणि डार्बीला बोलावून शिट्टी सोडून सगळं काढून घेतलं. "मी वर नेणारा माणूस आहे," तो म्हणाला. "माझे जॅक उलटे फिरवणारा मला नको." गेगनने ते वाचलं आणि त्याच्या दुकानात चार लोक हसले. "माझ्या वॉर्डात घर खाली जातं म्हणजे काय!" तो म्हणाला. ऑगस्टमध्ये मातीच्या गाड्या लागल्या. चार वर्षांत अर्ज-विनंत्यांनी जे झालं नाही ते चार ओळींनी नऊ दिवसांत झालं.

डार्बी धावत गेगनकडे गेला. "साहेब, थांबवा. आता घर खाली आहे. जॅक नाहीत, टोळी दुसरीकडे गेली. मी उचलू कसं?"

"अरे, तूच मागत होतास ना रस्ता?"

"मागत होतो, साहेब. पण आता..."

"तुम्हा लोकांना शहराने काही दिलं तरी रडं, नाही दिलं तरी रडं," गेगन म्हणाला, आणि त्याने डार्बीला एक व्हिस्की फुकट दिली. डार्बीने ती प्यायली नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

नदीचा गाळ, राख, पिंपांच्या पट्ट्या, मेलेली मांजरं, जे हाताला लागेल ते टाकून रस्ता वर आला. हनोरा दारात खुर्ची टाकून रोज बघत होती. आधी गाड्यांची चाकं डोळ्यांसमोर आली, मग घोड्यांचे खूर, आणि मग नुसती भिंत. शेवटच्या दिवशी डार्बीने त्या भिंतीला जिना लावला.

"किती झाल्या?" हनोराने विचारलं.

डार्बीने मान वर केली नाही. "तेरा."

"मागे चौदा होत्या."

टूमी वर रस्त्यावर उभा होता. तो खांबाकडे बघून म्हणाला, "सहाच फूट भरलाय. खूण अर्धा फूट वर राहिली. तेवढी माती साहेबांच्या पोटात गेली."

"असू दे," हनोरा म्हणाली. "पाच वर्षांत एक पायरी कमी झाली. याला म्हणतात शहराची प्रगती."

त्यानंतर ती दाराबाहेर पडली नाही. खड्ड्यात पाणी झिरपायला लागलं, बेडूक पलंगाखाली परत आला. डार्बी मिळेल ते काम करायचा आणि मिळेल त्याच्याकडे जॅक मागायचा. कोणी दिले नाहीत. जानेवारीत हनोराला खोकला धरला आणि फेब्रुवारीत ती गेली.

बर्फ पडलं होतं. शवपेटी तेरा पायऱ्यांवरून वर न्यायची होती. टोळीतले पाच जण कुठून कुठून आले, सहावा टूमी. पुढचे वर चढणार म्हणजे पेटी तिरपी होणार, आणि ते डार्बीला नको होतं. तो रस्त्यावर खांबापाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने शिट्टी मारली. सहा जणांना काही सांगावं लागलं नाही. पुढच्यांनी हात खाली घेतले, मागच्यांनी छातीपर्यंत उचलले, आणि पेटी पाण्याच्या पातळीसारखी सपाट धरून ते एक पायरी चढले, थांबले. पुन्हा शिट्टी. वर पेला ठेवला असता तरी चहा सांडला नसता.

तेराव्या शिट्टीला त्यांनी पेटी रस्त्यावर, खांबाच्या पायथ्याशी टेकवली. नगरसेवक गेगन टोपी हातात घेऊन उभा होता. मयताला तो कधी चुकत नाही, मतं असतात तिथे.

"बघ डार्बी," तो हळूच म्हणाला, "रस्ता झाला म्हणून निदान गाडी दारापर्यंत आली."

डार्बीने त्याच्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं आणि चौदावी शिट्टी मारली.

सहा जण वाकले. त्यांनी पेटी अर्धा फूट उचलली आणि धरून ठेवली. तिचा तळ बरोबर त्या तांबड्या खुणेला लागला. गेगन स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला, आणि डार्बी शिट्टी ओठांत धरून उभा होता तोवर त्या सहा जणांनी पेटी खाली येऊ दिली नाही. मग त्यांनी तिला गाडीत ठेवलं.